नॉन-कॉम्पिटच्या धाकाने अडवलेला शेवटचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरी सोडून त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीत गेलेल्या माणसाचा शेवटचा हिशेब अडवून ठेवण्याचा प्रकार खासगी क्षेत्रात सर्रास चालतो. नॉन-कॉम्पिट म्हणजे नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत न जाण्याची करारातली अट. एचआरचा मेल ठरलेला असतो: ‘आपण नॉन-कॉम्पिटची अट मोडल्याने फुल अँड फायनल थांबवण्यात आले आहे.’ मग कोणी पैशांवर पाणी सोडतो, तर कोणी ती अट कशी बेकायदा आहे यावर पानपानभर मेल लिहीत बसतो. हे दुसरेही कंपनीच्या पथ्यावरच पडते, कारण साधी थकबाकी त्यामुळे ‘वादाचा विषय’ बनते. पगार आणि नॉन-कॉम्पिट ही दोन वेगळी प्रकरणे आहेत आणि आपल्या पत्रव्यवहारात ती वेगळीच ठेवायला हवीत.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार धंदा-व्यवसायाला आडकाठी करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. कलमातला अपवाद एकच, तो धंद्याचा नावलौकिक विकण्याबाबतचा. नोकरीत असताना दुसरीकडे काम न करण्याची अट चालते, नोकरी सुटल्यानंतरची चालत नाही. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानविरुद्ध एका व्यवस्थापन कंपनीने लढवलेल्या खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कराराची मुदत संपल्यानंतरचे बंधन याच कलमाखाली निरर्थक ठरवले. मात्र बॉण्डची गोष्ट निराळी. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची एका सरकारी बँकेची अट मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने वैध धरली. गोपनीयतेची अटही नोकरीनंतर टिकते. म्हणून जाताना ग्राहकांच्या याद्या किंवा कोड स्वतःच्या मेलवर पाठवू नका. तसे केले, तर कंपनीच्या हाती खरोखरीचा दावा येतो.

आता पैशांकडे. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. राजीनामा असो वा बडतर्फी, तिच्या कलम १७ नुसार देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे असते. ‘४५ दिवसांची प्रोसेस’ हा कंपनीचा अंतर्गत नियम, कायद्याचा नव्हे. पगारातून काय कापता येते याची यादी कलम १८ मध्ये आहे: गैरहजेरी, अग्रिम रक्कम, प्राप्तिकर, ताब्यात दिलेल्या मालाचे निष्काळजीपणाने झालेले नुकसान वगैरे. नॉन-कॉम्पिट मोडल्याची भरपाई या यादीत नाही. ती हवी असेल तर कंपनीने स्वतंत्र दावा लावून नुकसान सिद्ध करावे. नोटीस पिरियडच्या वसुलीवर १८ टक्के जीएसटी लावला असेल, तर ३ ऑगस्ट २०२२ चे परिपत्रक दाखवा. अशा वसुलीवर हा कर लागत नाही.

मागणीपत्र एका पानाचे पुरे. शेवटचा कामाचा दिवस, मग ओळीओळीने रकमा: राहिलेल्या दिवसांचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, मंजूर पण न मिळालेला खर्च, ग्रॅच्युइटी. ग्रॅच्युइटीचे सूत्र शेवटचे मासिक वेतन × १५ ÷ २६ × वर्षे. वेतन ४०,००० आणि सेवा ७ वर्षे असेल तर १,६१,५३८ रुपये. ती ३० दिवसांत द्यायची असते, आणि प्रतिस्पर्ध्याकडे गेल्याच्या कारणावरून जप्त करता येत नाही. तिचा अर्ज वेगळा करा, कारण तिचा अधिकारीही वेगळा असतो. पत्रात उत्तरासाठी १५ दिवस द्या. नॉन-कॉम्पिटवर एकच वाक्य: ‘त्याबाबतचे माझे सर्व हक्क राखून.’ पत्र मेलने आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा. शाखेच्या एचआरला गेलेले पत्र हमखास ‘मिळालेच नाही’.

जोडायचे कागद: नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा, राजीनाम्याचा मेल आणि त्याची स्वीकृती, रजेच्या शिलकीचा स्क्रीनशॉट, लॅपटॉप परत केल्याची पोच. यातला शेवटचा कागद लोक विसरतात, आणि कंपनी नेमके तिथेच बोट ठेवते. फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराचा प्राप्तिकर खात्याकडचा तक्ता, तोही उघडून पाहा. ज्या महिन्याचा पगार बँकेत आला नाही तो तिथे दिल्याचे दिसत असेल, तर कंपनीचीच कबुली हाती लागली.

उत्तर आले नाही, तर कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन वेतन संहितेच्या कलम ४५ खालचा दावा कोणत्या अधिकाऱ्यापुढे दाखल करायचा ते विचारा. मुदत तीन वर्षे. पैसे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते आणि रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. जुन्या वेतन प्रदान कायद्यात दरमहा २४,००० रुपयांची मर्यादा होती, संहितेत ती नाही. मॅनेजरही अर्ज करू शकतो. पण नोकरी २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वी सुटली असेल, तर वेतनाची ही मर्यादा आणि १२ महिन्यांची मुदत आडवी येऊ शकते. अशांना, तसेच इन्सेंटिव्ह किंवा व्हेरिएबल पे मागणाऱ्यांना, दिवाणी दावा बरा.

करारात लवादाचे कलम आहे म्हणून दबू नका. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, वेतनाचा दावा आधीच सुरू असताना गोपनीयताभंगाचे कारण पुढे करून लवाद मागणाऱ्या कंपनीला ५ लाखांचा खर्च सोसायला लावला. उलट, वकिलाच्या नोटिशीत एनसीएलटीची, म्हणजे कंपनीला दिवाळखोरीसाठी न्यायाधिकरणात खेचण्याची, धमकी घालण्यात अर्थ नाही. २०२० पासून तिथली किमान थकबाकी १ कोटी आहे आणि कंपनीच्या वकिलाला हे पाठ असते.

तडजोडीचा प्रस्ताव आला, तर ‘यापुढे कोणताही दावा नाही’ या ओळीखाली नवी नॉन-कॉम्पिटची अट चिकटवलेली नाही ना, हे आधी पाहा. असली तर ती खोडून, खोडलेल्या जागी दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या आणि रक्कम खात्यात जमा झाल्यावरच पावती द्या.

आपला,
एक वाचक, पुणे