दुकान गांजाचं, पैसा बेघरांसाठी

संपादक साहेब नमस्कार, न्यूयॉर्कमधलं पहिलं लायसन्सवालं गांजाचं दुकान (औषधाचं नव्हे, शौकाच्या गांजाचं) डिसेंबर २०२२ मध्ये उघडलं, तेही हाउसिंग वर्क्स या संस्थेनं, जी बेघर आणि एड्सग्रस्तांसाठी काम करते, आणि नफा त्याच कामाला. सुरुवातीची लायसन्सं अशा काही संस्थांना आणि गांजाच्या केसमध्ये शिक्षा झालेल्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना द्यायचं ठरलं, हे मला जाम पटलं. आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आहे, गांजा विकला की थेट आत, ते राहू द्या तसंच (कुंभात साधूंच्या चिलमी पेटतात ती गोष्ट वेगळी). पण नाशकात वाईनचा धंदा एवढा वाढला, त्यातलं व्यसनमुक्तीला किती जातं, कोणी विचारतं का?

– एक वाचक, पंचवटी