जमाखर्चात न दिसलेली बिदागी

प्रिय तबलजी, पेटीवाले मास्तर आणि साऊंडवाले दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमची नावं लिहीत नाही. वाचनालयाच्या मदतीसाठी केलेल्या गाण्याच्या कार्यक्रमाच्या वेळी तिघांनीही "आमचं नाव कुठे घालू नका" असं बजावलं होतं, तो शब्द पाळतो. पत्र मात्र उघड लिहितो आहे. गावात ते कोणासाठी आहे हे सगळ्यांना कळेल, आणि बाहेरच्यांना निदान तुम्ही काय केलंत ते कळावं.

निमित्त झालं देणगीदारांच्या फलकाचं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर तो नुकताच लागला. त्या दिवशी गायलेल्या बुवांचं नाव सर्वांत वर आहे आणि ते तिथेच शोभतं. खाली दोन्ही सोसायट्या, दूध संघ, पुण्या-मुंबईकडची आपल्या गावची माणसं. हा फलक पावतीपुस्तकावरून रंगवला. तुम्ही पैसे दिले नाहीत, हक्काचे घ्यायचे होते ते घेतले नाहीत. न घेतलेल्या बिदागीची पावती फाडता येत नाही, जमाखर्चात तिला रकाना नसतो. प्राप्तिकरात सूट मिळते तीही पैशाच्या देणगीला, कलाकाराने फुकट वाजवलेल्या संध्याकाळला नाही. वाचनालयाचा कार्यवाह म्हणून ही वही मीच लिहितो, म्हणून हेही मीच लिहायला हवं.

ऑगस्ट 2019 चा महापूर आपल्या भागात कोणाला सांगायला नको. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमचं वाचनालय तेव्हा तळमजल्यावर होतं. पाणी ओसरल्यावर कपाटं उघडायला गेलो तर दारं उघडेनात, कारण आतली पुस्तकं फुगून घट्ट बसली होती. पहारीने दारं काढावी लागली. जुन्या दिवाळी अंकांचे बांधीव खंड चिखलाने एकमेकांना असे चिकटले होते की पान सुटं करायला गेलं की हातात लगदाच येई. नवी पुस्तकं कुठूनकुठून आली, महाराष्ट्राने भरभरून पाठवली. पण ती पुन्हा त्याच खोलीत ठेवणं म्हणजे पुढच्या पुराची वाट पाहणं. वर मजला चढवायचा तर पैसा पाहिजे होता. तेव्हा बुवा म्हणाले, "मी गातो, तुम्ही तिकिटं लावा."

मदतीच्या कार्यक्रमाचं गणित बाहेरून सोपं वाटतं. सभागृहाचं भाडं, परवाने, छपाई, वीज, चहा-नाश्ता, येण्याजाण्याच्या गाड्या हे सगळं भागवून उरेल ते मदतीचं. यात सर्वांत मोठा आकडा असतो तो कलाकारांच्या मानधनाचा आणि ध्वनिव्यवस्थेचा. तेवढा खर्च नेहमीसारखा झाला असता तर आमच्या हाती जेमतेम जिन्याचे पैसे राहिले असते. बुवांनी बिदागी सोडली हे गावाने पाहिलं, शाल-श्रीफळ झालं, पेपरात फोटो आला. तुमच्या तिघांचं काय ते विचारायला मी आदल्या दिवशी फोन केला, तेव्हा तबलजी, तुम्ही म्हणालात, "मिरजेच्या दर्ग्यात आम्ही उरुसाला हजेरी लावतोच की. ही तशीच हजेरी समजा." अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीला दरवर्षी तिथे मोठमोठे गवई बिदागी न घेता गातात, हे मलाही ठाऊक होतं. पण सांगली-मिरजेकडच्या साथीदाराच्या बोलण्यात ती रीत इतकी सहज येते, हे त्या दिवशी ऐकलं.

मास्तर, तुमचं तर मला फार उशिरा कळलं, तेही दुसऱ्याकडून. तुमच्या घरात छातीइतकं पाणी होतं आणि तुमची पेटी त्यात गेली होती. पुढे एकदा तुमच्याकडे आलो तेव्हा ती ओसरीत उघडून ठेवलेली पाहिली. भात्याचं कातडं सुटलेलं, लाकूड फुगून पट्ट्या एकमेकींत अडकलेल्या, पितळी सुरांवर हिरवट थर. तुम्ही एकेक सूर काढून ब्रशने घासत होतात. म्हणजे आमच्याकडे तुम्ही उसन्या पेटीवर वाजवलंत. स्वतःची पेटी दुरुस्त करायला पैसे हवे असताना आमच्या कपाटांसाठी बिदागी सोडलीत. बुवांनी पहिलं नाट्यपद धरलं आणि तुम्ही मागून एवढीशी जागा भरलीत, तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांनी माना डोलावल्या. त्यातल्या कोणालाच ते माहीत नव्हतं.

आणि दादा, तुम्ही. तुम्हाला कोणी कलाकार म्हणत नाही, मी म्हणतो. शाळेचं ते सभागृह पत्र्याचं, आवाज नुसता घुमतो. दुपारपासून तुम्ही स्पीकर इकडचे तिकडे करत होतात, खिडक्यांना सतरंज्या टांगायला लावल्यात. तंबोऱ्यांची जोडी शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू आली. भाडं घेतलं नाहीत ते नाहीच, पण बरोबरच्या मुलांची मजुरी स्वतःच्या खिशातून दिलीत. "त्यांनी का सोडावी? त्यांना मी बोलावलंय," हे तुमचे शब्द.

साथीला बसणाऱ्याचं देणं नेहमी असंच झाकलेलं राहतं. 8 जुलै 1921 ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' नाटकाचा प्रयोग झाला, त्याचं कौतुक अजून संपलेलं नाही. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकींच्या स्पर्धक मंडळ्या, पण बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर म्हणून एका रंगमंचावर उभे राहिले. तिकीट शंभर रुपयांपर्यंत गेलं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवराव गेले, वयाच्या 31 व्या वर्षी. ही गोष्ट आमच्या वाचनालयात किती जणांनी किती वेळा सांगितली असेल! ऑर्गनवर, तबल्यावर बसलेल्यांची नावं मात्र त्या गोष्टीत कोणी घेत नाही.

पुढे 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी मोठा कार्यक्रम झाला. पंडित रविशंकरांनी मित्राला, बीटल्स या इंग्रजी बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनला, गळ घातली आणि एकाच दिवशी दोन खेळ झाले. तिकिटांचे 2,43,418 डॉलर युनिसेफकडे गेले. रविशंकर, अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. त्यांच्याबरोबर तंबोरा घेऊन कमला चक्रवर्ती बसल्या होत्या. सगळा सूर ज्या तंबोऱ्यावर तोललेला, तो त्यांच्या हातात होता. मी हे नाव आमच्या मुलांना मुद्दाम सांगतो. त्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डचे आणि चित्रपटाचे पैसे पुढे कित्येक वर्षं कराच्या घोळात अडकून पडले, कारण धर्मादाय म्हणून जी व्यवस्था आधी लावायची ती लावलेली नव्हती. म्हणून आपल्या कार्यक्रमाचा हिशोब आम्ही आठवड्याच्या आत तपासून दारावर लावला होता. फुकट वाजवणाऱ्याला तेवढं तरी लगेच दिसलं पाहिजे.

आता तुमच्या त्या संध्याकाळचं काय झालं ते सांगतो. मजला झाला, पुस्तकं वर गेली. जुलै 2021 मध्ये कृष्णा पुन्हा गावात शिरली. तळमजल्याच्या खोलीत पाणी आलं, वर्तमानपत्रांची टेबलं तरंगली. वर एक पुस्तक भिजलं नाही. त्या चार दिवसांत शेजारच्या दोन कुटुंबांनी कपाटांच्या मधल्या जागेत अंथरुणं टाकली होती. त्यांची पोरं दिवसभर चांदोबाचे जुने अंक वाचत होती.

आणि मधल्या काळात तुमचं काय झालं, तेही मला माहीत आहे. मार्च 2020 ला सगळं बंद झालं. मैफली नाहीत, लग्नं नाहीत, गणपती नाहीत, जत्रा नाहीत. नोकरदाराचा पगार चालू होता, तुमचा हात थांबला की घरातली आवक थांबत होती. दादा, तुम्ही मिक्सर विकलात. तबलजी, तुमच्या शिकवण्या फोनवर सुरू झाल्या, त्यातल्या निम्म्याच टिकल्या. आमच्यासाठी सोडलेली ती बिदागी त्या दिवसांत तुमच्या घरी किती उपयोगी पडली असती, हे मला वही लिहिताना दर वेळी जाणवतं. तुमच्यापैकी एकानेही त्याचा उल्लेख कधी केला नाही.

म्हणून नुसतं "आभारी आहोत" लिहून हे पत्र मिटवणार नाही. कार्यकारिणीने दोन ठराव केले आहेत. एक, वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमाला साथीदारांचं आणि ध्वनिव्यवस्थेचं मानधन आधी ठरवायचं, आणि कार्यक्रम संपल्यावर मंचावरून उतरण्यापूर्वी हातात द्यायचं. दोन, मदतीचा कार्यक्रम पुन्हा करायची वेळ आलीच तर सोडलेली बिदागी रकमेसह अहवालात छापायची, नाव नको असेल तर "तबलासाथ", "संवादिनी", "ध्वनी" असं लिहून. गावातल्या इतर मंडळांनाही माझी विनंती आहे. कलाकाराला "चांगल्या कामासाठी आहे, दोन गाणी म्हणा" असं सांगण्याआधी मांडववाल्याला आपण तेच सांगतो का, याचा विचार करा.

फलकावर तुमच्यासाठी खाली एक ओळ मोकळी ठेवली आहे. नावं न घालता काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा. मास्तर, माघी पौर्णिमेच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता तुमची सोय आहे का, तेवढं कळवा. पेटी तुमचीच आणा, आता ती वाजते असं ऐकलं आहे.

आपला,
वाचनालयाचा कार्यवाह