ऑक्सिजन आणि फुफ्फुसांचा दाह

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. काकांची प्रकृती सावरते आहे हे वाचून जिवात जीव आला. व्हेंटिलेटरवर असताना डॉक्टरांनी त्यांचा ऑक्सिजन 100 टक्क्यांवरून 50 टक्क्यांपर्यंत उतरवला, तेव्हा उपचारात हात आखडता घेतला जात आहे असे तुला वाटले आणि तू रागावलास. तुझ्या जागी कोणीही रागावला असता. तरीही डॉक्टरांचे बरोबर होते असे मला वाटते, आणि त्यामागचे कारण जरा विस्ताराने लिहितो.

आपण श्वासातून घेतो त्या हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो आणि फुफ्फुसांची सारी संरक्षणव्यवस्था त्या प्रमाणाला सरावलेली असते. ऑक्सिजनचे प्रमाण फार वाढले की पेशींतील तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म घटकांमध्ये, सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी अतिक्रियाशील संयुगे अधिक प्रमाणात तयार होतात. एरवी त्यांना निकामी करणारी विकरे (एन्झाइम) अपुरी पडतात आणि पेशींची पटले, प्रथिने व डीएनए यांना इजा होऊ लागते. ऑक्सिजनच्या या थेट माऱ्याविषयी बहुतेक ठिकाणी लिहिलेले आढळते. फुफ्फुस निकामी होण्याच्या प्रक्रियेत या माऱ्याच्या जोडीला शरीराने स्वतःहून चेतवलेला दाह (इन्फ्लमेशन), म्हणजे इजेला उत्तर म्हणून उठणारी सूज, असतो आणि त्याचा वाटा मोठा असतो, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

जेम्स लोरेन स्मिथ या स्कॉटिश वैद्यकशास्त्रज्ञाने प्राण्यांवरील प्रयोगांतून 1899 मध्येच दाखवले होते की, अधिक दाबाचा ऑक्सिजन दीर्घकाळ मिळाल्यास फुफ्फुसांना सूज येते. पुढच्या काळात उंदरांना जवळजवळ शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठेवून केलेल्या अभ्यासांत या हानीचा क्रम स्पष्ट झाला. पहिला दीड दिवस वरकरणी फारसे काही घडत नाही. आत मात्र केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी आणि वायुकोशांतील भक्षकपेशी संकटाची वर्दी देऊ लागलेल्या असतात: इंटरल्यूकिन-1 व टीएनएफ ही दाह चेतवणारी प्रथिने आणि न्यूट्रोफिलांना, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना, बोलावणारी रसायने पाझरू लागतात, आणि मरणाऱ्या पेशींतून बाहेर सांडलेले एटीपीसारखे (एटीपी म्हणजे पेशीचे इंधन) पदार्थ त्या वर्दीला आणखी जोर देतात. त्यानंतर न्यूट्रोफिल व बिंबाणू (प्लेटलेट) फुफ्फुसात गर्दी करतात आणि साधारण तिसऱ्या दिवसाच्या सुमारास बहुतेक प्राणी मरतात.

न्यूट्रोफिलांची शस्त्रे जंतूंसाठी असतात. येथे जंतू नसताना ते इलास्टेजसारखी विकरे आणि पुन्हा तीच अतिक्रियाशील संयुगे बाहेर टाकतात, म्हणजे ज्या विषाने संकट सुरू झाले त्याचीच भर घालतात, आणि सुक्याबरोबर ओलेही जळते. केशवाहिन्या गळू लागतात. रक्तातील प्रथिनयुक्त द्रव वायुकोशांत उतरतो, वायुकोश उघडे ठेवणाऱ्या सर्फॅक्टंटला निष्प्रभ करतो, आणि मग रक्तातील ऑक्सिजन कमी झाला म्हणून यंत्रावरील ऑक्सिजन आणखी वाढवण्याची पाळी येते. मला या साऱ्यात सर्वांत भीषण वाटते ते हे दुष्टचक्र.

तू लगेच विचारशील की मग दाहच दाबून टाकावा. मलाही पूर्वी तसेच वाटे. पण न्यूट्रोफिल आधीच नाहीसे करून केलेल्या काही प्रयोगांत हानी टळली नाही, तर काहींत त्यांना बोलावणारे संकेत अडवल्यावर ती कमी झाली. याहून चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की, उंदरांना जिवाणूंच्या एंडोटॉक्सिनची, म्हणजे दाह चेतवणाऱ्याच पदार्थाची, अल्प मात्रा दिली असता ते शुद्ध ऑक्सिजनमध्ये अधिक काळ तगले, कारण त्या सौम्य चिथावणीने फुफ्फुसातील संरक्षक विकरे वाढली होती. सुमारे आठवडाभर 85 टक्के ऑक्सिजनमध्ये राहिलेले उंदीरही पुढे 100 टक्के सहन करतात. म्हणजे दाह सरसकट वैरी नाही; तो केव्हा पेटतो आणि किती काळ धुमसतो यावर सारे अवलंबून असते. शिवाय भरपूर ऑक्सिजनने भक्षकपेशींची जंतू गिळण्याची ताकद मंदावते, त्यामुळे दाह आंधळेपणाने दडपणे न्यूमोनियाला वाट करून देण्यासारखे ठरू शकते.

माणसांच्या बाबतीत उंदरांचे तास जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे खरे. तरी निरोगी माणसालाही शुद्ध ऑक्सिजनवर एका दिवसाच्या आत छातीच्या मध्यभागी दुखू लागते व खोकला येतो. आजारी फुफ्फुसात मात्र मूळ आजाराचा दाह, व्हेंटिलेटरच्या दाबाने बसणारा ताण आणि ऑक्सिजनची इजा एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की कोणाचा वाटा किती हे वेगळे काढणे जवळजवळ अशक्य असते. म्हणूनच रक्तातील ऑक्सिजनची पातळी पुरेशी राहत असेल, तर यंत्रावरील प्रमाण 60 टक्क्यांच्या खाली आणण्याचा प्रयत्न डॉक्टर करतात. पातळीच घसरत असती तर काकांचा ऑक्सिजन कोणी उतरवला नसता. त्या वेळी कमतरतेचा धोका जवळचा असतो आणि विषारीपणाचा विचार मागे ठेवावा लागतो.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन आकडे एकत्र विचार: यंत्रावर किती टक्के ऑक्सिजन आहे आणि तेवढ्यावर रक्तातील पातळी किती राहते. पहिला उतरत असताना दुसरा टिकून असेल, तर रात्री निश्चिंत झोप आणि मला ते आकडे कळव.

काकांना माझा नमस्कार सांग. कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

तुझा स्नेही