सुदानच्या मदतीची अडलेली वाट

सुदानचे लष्कर आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे निमलष्करी दल यांच्यात 15 एप्रिल 2023 रोजी पेटलेल्या युद्धाने एक कोटीहून अधिक लोकांना घरदार सोडायला लावले. तरीही परकीय मदतीची चर्चा जाहीर रकमांच्या पुढे सरकत नाही. एप्रिल 2024 मधील पॅरिस परिषदेत दोन अब्ज युरोंहून अधिक मदतीची आश्वासने मिळाली, पण शेजारच्या चाड देशातून पश्चिम सुदानमधील दारफूर प्रांतात धान्य नेण्याचा आद्रे येथील मार्ग तेव्हा लष्करी राजवटीने बंद ठेवला होता आणि तो ऑगस्टमध्ये खुला होण्यापूर्वीच तिथल्या विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला होता.

या काळात अनेकांना जगवले ते ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स’ या स्थानिक स्वयंसेवी गटांच्या सामुदायिक स्वयंपाकघरांनी. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परकीय मदत अचानक गोठवली तेव्हा यांतील शेकडो चुली विझल्या. दात्या देशांनी निधीचा मोठा वाटा थेट या गटांना, तोही किमान वर्षभराच्या हमीने द्यावा. त्यांना काटेकोर हिशेब झेपणार नाही, हा आक्षेप मला पोकळ वाटतो. वाटेत लुटल्या जाणाऱ्या ट्रकांचा हिशेब तरी कोण देतो?

– एक वाचक