पुरस्कारांच्या यादीआड राहिलेले प्रा. हुजूरबाजार यांचे संशोधन

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

भारतीय संख्याशास्त्रज्ञांविषयी मराठी वृत्तपत्रांत जे काही छापून येते ते बहुधा २९ जूनच्या सांख्यिकी दिनाच्या सुमारास येते, आणि प्रशांतचंद्र महालनोबिस व सी. आर. राव या दोन नावांपुढे तो मजकूर क्वचितच सरकतो. त्या दोघांच्या थोरवीबद्दल वाद नाही. परंतु १५ सप्टेंबर १९१९ रोजी जन्मलेले कोल्हापूरचे प्रा. वसंत शंकर हुजूरबाजार यांचा उल्लेख झालाच, तर पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे संस्थापक प्रमुख, १९६० मध्ये केंब्रिजचे ॲडम्स पारितोषिक आणि १९७४ मध्ये पद्मभूषण अशा दोन-तीन ओळींत तो आटोपतो. यातले काहीही चुकीचे नाही. मात्र या गृहस्थांनी नेमके काय सिद्ध केले, हे त्या ओळी वाचणाऱ्याला कळत नाही. संख्याशास्त्राचा निवृत्त शिक्षक म्हणून मला ती उणीव फार वर्षे खटकत आली आहे, आणि हे पत्र केवळ तेवढ्यासाठीच आहे.

हुजूरबाजारांनी केंब्रिज येथे हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. ही गोष्ट वरवर दिसते त्याहून महत्त्वाची आहे. नमुन्यावरून समष्टीविषयी, म्हणजे तो ज्यातून घेतला त्या संपूर्ण समूहाविषयी, अनुमान कसे करावे या प्रश्नावर जेफ्रीज आणि संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्यात १९३० च्या दशकात जाहीर वाद झडला होता. गृहीतकाला निरीक्षणापूर्वीही काही संभाव्यता द्यावी असे जेफ्रीज यांचे मत होते, आणि फिशर यांना ते मुळीच मान्य नव्हते. १९४३ पासून फिशरही केंब्रिजमध्येच प्राध्यापक होते. अशा ठिकाणी, जेफ्रीज यांचा विद्यार्थी असताना, हुजूरबाजारांनी आपले सर्वांत प्रसिद्ध प्रमेय सिद्ध केले ते फिशर यांच्या पद्धतीविषयी. गुरूच्या तंबूत राहून समोरच्या तंबूचा खांब पक्का करून देणारे संशोधक थोडेच असतात.

ते प्रमेय १९४८ चे. फिशर यांची पद्धत अशी की, हाती आलेली निरीक्षणे अज्ञात प्राचलाच्या (म्हणजे समष्टीचे वर्णन करणाऱ्या, पण आपल्याला ठाऊक नसलेल्या संख्येच्या) ज्या किमतीला सर्वाधिक संभवनीय ठरतात, ती किंमत आपला अंदाज म्हणून घ्यावी. या संभवनीयतेला इंग्रजीत ‘लाइकलीहूड’ म्हणतात. तिच्या आलेखाचा चढ जेथे शून्य होतो ती जागा शोधण्यासाठी एक समीकरण सोडवावे लागते. वर्गात आम्ही त्याला लाइकलीहूड समीकरणच म्हणतो. स्वीडनचे हॅरॉल्ड क्रामेर यांनी १९४६ च्या ग्रंथात दाखवले होते की, काही अटी पाळल्या गेल्या तर नमुना मोठा होत जाईल तसतशी या समीकरणाची एखादी उकल प्राचलाच्या खऱ्या किमतीजवळ जाते. गोम आहे ती ‘एखादी’ या शब्दात. समीकरणाला अनेक उकली असू शकतात. निरीक्षणे कशी विखुरतात याच्या गणिती नमुन्याला वितरण म्हणतात; त्यांतल्या कोशी वितरणात तर हा त्रास नेहमीचाच आहे. शिवाय खऱ्या किमतीजवळ जाणारी उकल ही लाइकलीहूडच्या आलेखावरचे शिखर आहे की दरी, हेही क्रामेर यांच्या निष्कर्षातून ठरत नव्हते.

हुजूरबाजारांनी दोन गोष्टी दाखवल्या. खऱ्या किमतीजवळ जाणारी उकल, नमुना पुरेसा मोठा असल्यास, जवळजवळ निश्चितपणे शिखरच असते. आणि अशी उकल एकच असते. दुसऱ्या भागाची सिद्धता इतकी सरळ आहे की ती कोणाही वाचकाला समजावी. समजा, अशा दोन उकली आहेत. पहिल्या भागानुसार त्या दोन्ही शिखरे आहेत. एका रेषेवर चालताना दोन शिखरांच्या मध्ये दरी लागणारच. ती दरीही त्याच समीकरणाची उकल असते, आणि दोन उकलींच्या मध्ये सापडल्यामुळे तीही खऱ्या किमतीजवळच जाते. पण अशी प्रत्येक उकल शिखर असते, हे आधीच सिद्ध झाले आहे. म्हणजे दरी शिखर ठरते, आणि विसंगती उघड होते.

या युक्तिवादात ‘एका रेषेवर’ हे शब्द किती मोलाचे आहेत, ते पुढे कळले. १९५४ मध्ये के. सी. चंदा यांनी हा निष्कर्ष अनेक प्राचलांपर्यंत नेला, परंतु त्यांच्या सिद्धतेतली एकमेवतेची पायरी सदोष असल्याचे १९७५ मध्ये दाखवून देण्यात आले. कारण साधे आहे. डोंगराळ मुलखात दोन शिखरांमध्ये खोलगट खड्डा असलाच पाहिजे असे नाही, खिंड असली तरी चालते. मूळ प्रमेय मात्र आपल्या हद्दीत अबाधित राहिले. त्याची आणखी एक मर्यादा मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगत असे: योग्य उकल एकच आहे एवढे ते सांगते, पण समोर चार उकली असताना त्यांतली ती कोणती, हे सांगत नाही.

पदवीच्या वर्गांत हे प्रमेय क्रामेर-हुजूरबाजार या जोडनावाने शिकवले जाते. उत्तरपत्रिकांत मी ते नाव हरतऱ्हेच्या स्पेलिंगांत वाचले आहे, आणि दोघेही युरोपीय असावेत असे समजणारी मुले दरवर्षी भेटली आहेत. त्यांना दोष कसा द्यावा? त्यांच्या वाचनात हे नाव आलेच कुठे?

हुजूरबाजारांचा पुढचा पुष्कळसा काळ पर्याप्ततेच्या, म्हणजे निरीक्षणांचा थोडक्यात पुरेसा सारांश काढण्याच्या, संकल्पनेने व्यापला. नाणे शंभर वेळा उडवले आणि साठ वेळा छाप पडली, तर नाण्याचा कल किती हे ठरवण्यासाठी साठ हा एक आकडा पुरतो. छाप-काट्याचा क्रम लक्षात ठेवण्याची गरज उरत नाही. (प्रत्येक फेक स्वतंत्र आहे की नाही हीच शंका असेल, तर क्रम अर्थातच टाकून देता येत नाही.) अशी पुरेशी संक्षेपणे ज्या वितरणांत मिळतात त्यांचे एक खास कुटुंब आहे. त्या कुटुंबात लाइकलीहूडच्या शिखरापाशी प्रत्यक्ष दिसणारी वक्रता आणि सिद्धांताने अपेक्षिलेली वक्रता तंतोतंत जुळतात, हे त्यांनी १९४९ मध्ये दाखवले. जेफ्रीज यांनी दोन वितरणांमधले अंतर मोजण्यासाठी जी मापे सुचवली होती, त्यांची याच कुटुंबातली नेमकी रूपे त्यांनी १९५५ मध्ये काढून दिली. मोजपट्टी बदलली तरी ही मापे बदलत नाहीत, म्हणून त्यांना अचल राशी म्हणतात.

१९५० चा लेख त्या मानाने लहान आहे. प्राचले अशी निवडावीत की एकाचा अंदाज दुसऱ्याच्या अंदाजात गुंतू नये, हे शक्य आहे का, असा त्यात प्रश्न होता. दोन प्राचले असतील तर ते साधते; चार झाली की पूर्ण करावयाच्या समीकरणांची संख्या सहा होते आणि अज्ञाते चारच राहतात, त्यामुळे सर्वसाधारणपणे ते साधत नाही. या विषयावरचा डेव्हिड कॉक्स आणि नॅन्सी रीड यांचा बहुचर्चित लेख आला तो १९८७ मध्ये, सदतीस वर्षांनी, आणि त्यात हुजूरबाजारांच्या या कामाचा आधार घेतलेला आहे.

मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे ते त्यांचे १९५५ चे दोन पानी टिपण. त्याचा विषय आगमनात्मक अनुमानाची, म्हणजे अनुभवावरून नियम काढण्याची, निश्चितता. एखादा नियम हजार वेळा खरा ठरला, तर पुढेही तो खरा ठरेल असे किती विश्वासाने म्हणावे? फ्रेंच गणिती लाप्लासच्या जुन्या सूत्राप्रमाणे पुढच्या एका वेळेपुरती संभाव्यता १००२ पैकी १००१ येते, म्हणजे जवळजवळ एक. पण त्याच सूत्राने पुढच्या हजारही वेळा नियम टिकण्याची संभाव्यता २००१ पैकी १००१ येते, म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक. इतक्या अनुभवानंतर निम्मीच खात्री? जेफ्रीज यांचे उत्तर असे की, या सूत्रामागच्या गृहीतात ‘नियम सार्वत्रिक आहे’ या विधानाला सुरुवातीलाच शून्य संभाव्यता दिलेली असते. ती शून्याहून थोडी जरी अधिक धरली, तर चित्र पालटते. मग पुढच्या एकाच नव्हे, तर पुढे येणाऱ्या कितीही निरीक्षणांनी नियम पाळण्याची एकत्रित संभाव्यता एकाकडे जाते, हे हुजूरबाजारांनी दाखवले. त्यामागचा युक्तिवादही असा की ऐकल्यावर वाटावे, हे आपल्याला का सुचले नाही! सर्व निरीक्षणे अनुकूल येण्याची संभाव्यता हा एकाहून मोठ्या नसलेल्या गुणकांचा गुणाकार असतो. नियमाची मूळ संभाव्यता हा त्या गुणाकाराचा तळ असतो आणि त्याखाली तो उतरू शकत नाही. म्हणून पुढच्या गुणकांना एकाला बिलगून राहण्यावाचून गत्यंतर नसते. आणि येथेही लेखकाने मर्यादा सोडलेली नाही: भाकिते निश्चिततेकडे जातात, म्हणून नियम स्वतः निश्चित ठरतो असे नाही, कारण तीच निरीक्षणे देणारा दुसरा नियमही असू शकतो.

१९५३ ते १९७६ या काळात पुण्याचा विभाग चालवताना त्यांनी हे संशोधन सुरू ठेवले. पर्याप्ततेवरील त्यांच्या निवडक लेखांचे पुस्तक १९७६ मध्ये अमेरिकेत निघाले. १९७९ पासून १५ नोव्हेंबर १९९१ रोजी निधन होईपर्यंत ते डेन्व्हर विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या दोन मुलीही संख्याशास्त्रज्ञ झाल्या, ही माहिती चरित्रपर टिपणांत हमखास असते. प्रमेय मात्र नसते.

प्रमेये वृत्तपत्रात मावत नाहीत, असे आपण म्हणाल. दोन शिखरे आणि मधली दरी ही सिद्धता वर एका परिच्छेदात मावली आहे, आणि तिच्यासाठी एकही सूत्र लिहावे लागलेले नाही. खरी अडचण शब्दांची आहे. ‘लाइकलीहूड’ला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द रुळलेला नाही, ‘संभाव्यता’ हा शब्द आधीच दुसऱ्या अर्थाने वापरात आहे, म्हणून या पत्रातही मला इंग्रजी शब्दावर भागवावे लागले. आपल्या रविवार पुरवणीत येत्या १५ सप्टेंबरच्या सुमारास हुजूरबाजारांच्या १९४८ आणि १९५५ च्या लेखांवर एखादा सविस्तर लेख आपण मागवून घ्यावा, आणि या शब्दाला मराठी पर्याय सुचवण्याचे आवाहन त्याच अंकात वाचकांना करावे, अशी विनंती आहे. लेखासाठी सिद्धतांची मराठी टिपणे हवी असल्यास ती मजजवळ तयार आहेत.

आपला नम्र,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक