४८० जीबी म्हणजे ५०० जीबी नव्हे

महोदय,

विंडोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपले आणि घराघरांतले दहा-बारा वर्षांचे लॅपटॉप भंगाराच्या रांगेत लागले. 'फार स्लो झालाय' ही तक्रार त्याआधीपासूनची. बहुतेकदा रखडते ती आतली फिरती हार्ड डिस्क. ५४०० आरपीएमच्या डिस्कला हवी ती जागा गाठायलाच दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, एसएसडीला (चकत्यांऐवजी चिप असलेल्या डिस्कला) एकही लागत नाही. आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो खेपा होतात. डिस्क घरी बदलता येते. घरीच बदलावी, कारण दुकानात टाकलेल्या लॅपटॉपची जुनी डिस्क परत मागायचे कुणाला सुचत नाही, आणि पॅन-आधारचे स्कॅन तिच्यातच असतात.

पैसे खर्च करण्याआधी झाकण उघडून बघा. जुन्या मशीनमध्ये सहसा साटा जोडणीची अडीच इंची डिस्क असते, पण जाडी दोन प्रकारची: थिंकपॅड एक्स२२०मध्ये ७ मिमी, टी४२०मध्ये ९.५ मिमी. एसएसडी ७ मिमीची येते. मोठ्या खणात ती खालीवर हलते आणि ताण कनेक्टरवर येतो, म्हणून २.५ मिमीची प्लास्टिकची चौकट लावावी. स्वस्त मिळाली म्हणून एनव्हीएमई (पट्टीसारखी, वेगळ्या जोडणीची एसएसडी) आणाल तर ती या खणात बसणारच नाही.

खरी फसगत आकड्यात होते. जुनी डिस्क ५०० जीबीची, भरलेली जेमतेम १२० जीबी, म्हणून लोक ४८० जीबीची एसएसडी आणतात. जुनी डिस्क विंडोजसकट जशीच्या तशी नवीवर उतरवणारे, म्हणजे क्लोन करणारे, क्लोनझिला मात्र डेटा किती आहे हे न बघता डिस्क केवढी आहे ते बघते आणि नवी डिस्क लहान म्हणून थांबते. पार्टिशन (डिस्कचे भाग) आवळून मार्ग निघतो, पण शेवटचे रिकव्हरी पार्टिशन आडवे येते आणि नवखा माणूस तिथेच अडकतो. ५०० किंवा ५१२ जीबीचीच घ्यावी. ५०० जीबीच्या डिस्कवर, फिरती असो वा एसएसडी, सेक्टर (डेटा साठवायचे छोटे कप्पे) सारखेच असतात: ९७,६७,७३,१६८. विंडोज नकोच असेल आणि त्याऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली नव्याने टाकायची असेल, तर क्लोनची भानगडच नाही. फाइल बाहेर काढल्या की झाले.

क्लोन करण्याआधी डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सी५ची ओळ पाहावी. तिथे शून्याहून जास्त आकडा असेल तर डिस्क वाचताना अडखळते आहे. आधी कागदपत्रे आणि फोटो पेन ड्राइव्हवर घ्या, मग खराब डिस्कमधून जमेल तेवढे वाचून घेणारे डीडीरेस्क्यू वापरा. (हा आकडा दहाऐवजी सोळाच्या पायावर (हेक्साडेसिमल) लिहिलेला असतो, तिथले १एफ म्हणजे ३१.) डिस्कला सांकेतिक कुलूप लावणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असेल तर बंद करून डिस्क पूर्ण उलगडू द्या. लॅपटॉप बंद करताना शिफ्ट दाबून धरा, नाहीतर विंडोज अर्धवट झोपते आणि क्लोनझिला तक्रार करते. नवी एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून जोडा. यूएसबी २.०वर २०० जीबीला सुमारे दोन तास जातात.

पुढचे काम पंधरा मिनिटांचे. चार्जर आणि बॅटरी काढून पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. स्क्रू जसे निघतील तसे कागदावर त्यांच्या जागी ठेवत जा. डिस्क वर उचकटू नका, कनेक्टरपासून सरळ मागे सरकवा. काही मशीनमध्ये तिथे नाजूक पट्टीची केबल असते आणि ती फाटते. धातूची चौकट जुन्या डिस्कवरून काढून त्याच चार स्क्रूंनी एसएसडीवर लावा. लांब स्क्रू वापरला तर आतल्या पाटीला टोचतो.

पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क यूएसबीला अजिबात नको. दोन्हींची सही (डिस्कचा ओळख क्रमांक) एकच असल्याने विंडोज गोंधळते. 'बूट डिव्हाइस सापडत नाही' दिसले तर बायोसमधला (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमधला) बूट क्रम आणि लेगसी-यूईएफआय ही सुरू होण्याची पद्धत पाहा, पण डिस्कच्या जोडणीची एएचसीआय सेटिंग हलवू नका, निळा पडदा येतो.

महिनाभर जुनी डिस्क कपाटात राहू द्या. नंतर यूएसबीला जोडून तिच्या प्रत्येक पार्टिशनचा फॉरमॅट 'क्विक'ची खूण काढून करा, तरच सगळीकडे शून्ये लिहिली जातात. क्विक फॉरमॅटमधले फोटो कुणीही परत काढतो. फिरतच नसेल तर जाड फडक्यात गुंडाळून हातोडी मारा. अडीच इंची डिस्कच्या चकत्या बहुधा काचेच्या असतात, तुकडे उडतात.

– संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक, नाशिक