शालीच्या घडीतली चिठ्ठी

इंदूर

चि. बाळास, सलाम आणि आशीर्वाद.

ही चिठ्ठी डायलिसिसच्या मशीनवरच्या चार तासांत वाच. फिस्टुलाचा, म्हणजे सुया टोचायला शीर नि धमनी जोडून दिलेला हात हलवायचा नसतो आणि एका हातानं पवित्र शास्त्राची पानं नीट उलटत नाहीत, म्हणून 13वं स्तोत्र मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून सोबत ठेवलंय. सहाच वचनं आहेत. सुरुवातीच्या दोन तासांत वाचून घे. शेवटाकडे बीपी उतरतं, गरगरतं. तेव्हा वाचायचा हट्ट नको. नर्सला सांग आणि डोळे मिटून पड.

पहिली दोन वचनं निव्वळ तक्रार आहे. 'कोठवर' हा एकच प्रश्न चारदा. तिसऱ्या-चौथ्यात मागणी: माझ्याकडे बघ, उत्तर दे, डोळ्यांत उजेड घाल. पाचव्यापासून भरवसा. आपण चुकतो ते इथे. तक्रार म्हणजे अविश्वास असं मनात बसलेलं असतं, म्हणून सगळे सरळ पाचव्या वचनावर उडी मारतात. अरे, ज्याच्यावर भरवसाच नाही त्याच्याशी कोण भांडत बसेल? मग देवाला न सांगितलेला राग घरात निघतो, भाजी अळणी आहे म्हणून बायकोवर. तर 'कोठवर'च्या पुढे तुझं स्वतःचं वाक्य घाल, आणि ते नेमकं असू दे. 'माझं दुःख कोठवर' असं मोघम नको. 'पाणी मोजून पिणं कोठवर', 'सोम-बुध-शुक्र कोठवर' असं म्हण. एखाद्या दिवशी पाचवं वचन तोंडातून निघालंच नाही, तर चौथ्यावर थांब. 88वं स्तोत्र अठरा वचनं चालतं आणि अंधारातच संपतं. कोणी त्याला गोड शेवट जोडला नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे. हिंदी उपासनेतल्या भजन संहितेतही, म्हणजे हिंदीतल्या स्तोत्रांतही, आकडा तोच, काढून बघ.

भेटायला येणाऱ्यांबद्दल थोडं. शास्त्रातल्या दुःखानं पिचलेल्या ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर शहाणे होते. तोंडं उघडली आणि बिघडलं. शेवटच्या, 42व्या अध्यायात देवाचा कोप झाला तो त्यांच्यावर. भांडणाऱ्या ईयोबावर नाही. तेव्हा 'कुठलं पाप आडवं आलं ते शोध' असं कोणी म्हणालं, तर योहानाचा 9वा अध्याय पुढे कर. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं होतं. येशूनं सांगितलं, यानंही पाप केलं नाही आणि याच्या आईबापांनीही नाही.

त्याहून घातक सल्ला म्हणजे 'विश्वास असेल तर मशीन सोड'. यशयाचं 38 वाच. मरणाच्या दारात असलेल्या हिज्किया राजाला देवानं पंधरा वर्षं वाढवून दिली, शब्द दिला, आणि तरीही गळवावर अंजिराचं पोटीस बांधायला लावलं. तुझं पोटीस आठवड्यातून तीनदा, चार-चार तासांचं आहे, एवढंच. एकही पाळी चुकवायची नाही. उपास-प्रार्थना असली तर तू प्रार्थना कर, उपास बाकीचे करतील. आणि लोक प्रेमानं शहाळं घेऊन येतात, ते तुझ्यासाठी नाही. त्यातलं पोटॅशियम तुझ्या मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. शहाळं हातात घ्यावं, आभार मानावेत, सुनेला द्यावं.

शुक्रवार ते सोमवार हा मोठा खंड, आणि रविवार नेमका त्यात येतो. अंगात पाणी साचलेलं असतं. एक किलो वजन वाढलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी, आणि जेवढं जास्त काढायचं तेवढं सोमवारी मशीनवर जड जातं. रविवारी गाताना दम लागला तर बसून गा, देव उठबस मोजत नाही. प्रभुभोजनाचा घोट दिवसाच्या पाण्यात मोजायचा. उपासनेनंतर पोह्यांवर शेव नको. इंदूरच्या माणसाला हे सांगणं म्हणजे छळ, पण मिठानं तहान लागते, तहानेनं पाणी जातं आणि सोमवारी पायांत गोळे येतात.

आशेचं विचारत होतास. रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात पौलानं क्रम दिलाय: संकटानं धीर, धीरानं शील, शीलानं आशा. आशा शेवटी येते. ती आधी हवी म्हणून आपण स्वतःला हाणत बसतो आणि आपला विश्वास खोटा ठरवतो. पौलानंही अंगातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं होतं. काटा राहिला, 'माझी कृपा तुला पुरे' एवढं उत्तर मिळालं. तू मूत्रपिंड बरं व्हावं म्हणून माग, खुशाल माग, मीही मागते. पण भरवशाची परीक्षा महिन्याच्या रक्ततपासणीतल्या क्रिएटिनिनच्या आकड्यावर घेऊ नकोस.

विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात सहासष्ट वचनं आहेत. 'त्याची दया रोज सकाळी नवी होते' हे बाविसाव्या-तेविसाव्यात येतं, म्हणजे खड्यांनी दात मोडल्याचं सांगून झाल्यावर. पुढे पुन्हा रडणं सुरूच होतं. ती दोन वचनं पाठ कर आणि सकाळी उठल्याबरोबर फिस्टुलावर दोन बोटं ठेवून म्हण. बोटांखाली मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागली पाहिजे. ती लागली नाही तर वचन पुरं करत बसू नकोस. आधी सेंटरला फोन लाव, प्रार्थना रिक्षात बसल्यावर कर.

तुझी,
आई